आम्ही सोडले नाहीत ते नाडे

शिंदीची चटक आमच्या गावातल्या पोरांना तालमीनं लावली, असं मी आजही म्हणते आणि गावातली म्हातारी माणसं आजही माझ्यावर डोळे वटारतात. वटारू देत. तालमीच्या वस्तादांचं सांगणं असं होतं की, पहाटे जोर-बैठका झाल्या की पोरांनी शिंदीच्या झाडाचा ताजा रस, म्हणजे नीरा, प्यावी. त्यानं अंग भरतं, पोट थंड राहतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. पहाटे झाडावरून उतरवलेली नीरा गोड असते, लेकरानं प्यायली तरी चालते. पण ऊन चढलं की तीच नीरा मडक्यात फसफसायला लागते आणि दुपारपर्यंत तिची शिंदी झालेली असते. थंडीत पोरं तालमीला उशिरा यायला लागली, मग नीराही उशिरा प्यायला लागली. हळूहळू तालीम मागे पडली आणि मडकं तेवढं राहिलं.

मी त्या गावात सून म्हणून आले तेव्हा सतरा वर्षांची होते. गाव जवळा बाजारच्या अंगाला, नदीकाठी. नदीच्या वळणावर शिंदीचं बन, आणि बनाच्या तोंडाशी झावळ्यांच्या मांडवात शिंदीखाना. झाडं निजाम सरकारची, ठेका बाजारातल्या एका बड्या माणसाचा, आणि विकायला बसलेला त्याचा नोकर. झाडाला हात लावला तर आबकारीचे लोक धरून नेत, त्यामुळे बन तोडायची सोय नव्हती.

आमचे हे तेव्हा विशीत होते. तालमीतले एक नंबरचे पैलवान, आणि त्यामुळे नीरा पिण्यातही एक नंबर. खोटं कशाला बोलू, त्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही. पिऊन आले की गोठ्यात जाऊन गुपचूप झोपत. पण मोट जुंपलेली तशीच राही, बैल उन्हात उभे, आणि सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, स्वतः जाऊन बैल सोडत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. आणि दुसऱ्या दिवशी हा माणूस धोतराच्या सोग्यात बोरं बांधून आणायचा, चुलीशेजारी मुकाट ठेवायचा आणि निघून जायचा. मला बोरं आवडतात हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. अशा माणसावर धड रागावताही येत नाही, आणि त्याचाच मला खरा राग होता.

हुरड्याच्या दिवसांत माझे वडील भेटायला आले. माझं माहेर हट्ट्याकडचं. जावयाला शेतावर भेटावं म्हणून ते तसेच मळ्यात गेले, तर जावई भरदुपारी बाभळीखाली तोंड उघडं टाकून पडलेला. वडील परत आले ते पाण्याचा तांब्यासुद्धा न घेता अंगणात उभे राहिले. आवाज चढवला नाही. मला म्हणाले, "होळीच्या पाडव्याला गाडी घेऊन येतो. तवर ह्या माणसाची शिंदी सुटली तर तुझं नशीब. न्हाईतर गाडीत बसायचं, आन् परत यायचं न्हाई."

होळीचा पाडवा म्हणजे धुळवड. वर्षात सगळ्यात जास्त शिंदी वाहायचा तो दिवस वडिलांनी नेमका निवडला होता.  मला जायचं नव्हतं, हे मला तोपर्यंत माहीतही नव्हतं. वडिलांची पाठ वळली आणि कळलं.

गावही काही झोपलं नव्हतं. पोरांच्या शिंदीनं घराघरात नाकी नऊ आले होते. म्हाताऱ्यांनी एकदा मारुतीच्या पारावर सगळ्या जवान पोरांना बोलावलं, भंडारा उचलायला लावला आणि शपथ घातली की शिंदीला शिवणार नाही. पोरांनी खुशीनं उचलला. चारच दिवसांत सगळी मोहाची दारू पिऊन आली. शपथ शिंदीची होती, मोहाची कुणी घातलीच नव्हती. मोह जिथून यायचा त्या पलीकडच्या तांड्याच्या नायकानं हे ऐकलं आणि तो स्वतः पारावर येऊन सांगून गेला की आमच्या वस्तीतून तुमच्या पोरांना थेंब मिळणार नाही, आमचीही पोरं आता हातची चालली आहेत. तो शब्दाला पक्का निघाला. पण मोह बंद झाला तशी पोरं पुन्हा शिंदीकडे वळली, आणि म्हाताऱ्यांनी हात टेकले.

अशात मोहरम आला. लढाईचा काळ होता, सगळं महाग, पण मोहरमला आमच्या गावात काही कमी पडत नसे. आमच्याकडे मोहरम एकट्या मुसलमानांचा कधीच नव्हता. आशुरखान्यात पिरांचे पंजे बसवले की अर्ध्या गावाची पोरं फकिरी घ्यायची, म्हणजे तिथल्या मुजावर चाचांच्या हातून मनगटाला लाल-हिरवा नाडा बांधून घ्यायचा आणि सवारी, म्हणजे पंज्यांची मिरवणूक, नदीवर थंड होईपर्यंत पाळणूक पाळायची. नाडा हाताला असेतो मांस नाही, शिवी नाही, शिंदी नाही. भंडाऱ्याची शपथ चार दिवसांत मोडणारी पोरं हे मात्र कडक पाळत. पाळणूक मोडली तर पिराची सवारी अंगावर येते, ही भीती पक्की होती. दहाव्या दिवशी नदीवर पंजे थंड केले की मुजावर चाचा एकेकाचा नाडा सोडत, आणि पोरं नदीवरून थेट शिंदीखान्यात जात. दरवर्षीचं ठरलेलं.

त्या वर्षी मुजावर चाचा आशुरखान्याला चुना मारताना शिडीवरून पडले आणि त्यांचा उजवा हात गळ्यात अडकवलेला. बोटांनी गाठ मारता येईना. म्हणून त्यांनी पंज्यांपुढे ऊद जाळून नाडे ठेवले, फातिहा दिला आणि पोरांना सांगितलं की घरी जा, घरच्या बाईमाणसाच्या हातून बांधून घ्या. पोरांनी होय म्हटलं आणि नाडे घेऊन घरोघर गेली. कुणाच्या डोक्यात काही आलं नाही, चाचांच्याही नाही.

आमचे हे नाडा घेऊन आले तेव्हा आत्याबाई गोवऱ्या थापत होत्या. त्यांनी शेणाचे हात वर करून दाखवले आणि मला हाक मारली. सासूसमोर नवऱ्याचा हात धरायचा म्हणजे काय, माझे कान तापले. पदर डोळ्यांपर्यंत ओढून मी गाठ मारली, आणि एवढी घट्ट मारली की हे हळूच हसले. त्या दिवशी मला एवढंच वाटलं की चला, दहा दिवस तरी बैल वेळेवर पाणी पितील.

त्या वर्षी संक्रांत मोहरमातच आली. संक्रांतीला आमच्या अंगणात बाया वाण घेऊन जमल्या होत्या. मुजावर चाचांची बायको, तिला सारं गाव चाची म्हणायचं, चोंगे घेऊन आली. चोंगे म्हणजे मोहरमची गुळाची पोळी. आम्ही तिच्या हातावर तिळगूळ ठेवला, तिनं आमच्या हातावर चोंगा. बोलणं फिरून फिरून पोरांवरच आलं. किती बरं चाललंय हे दिवस, कसं वेळेवर घरी येतात, आणि आता तीन-चार दिवसांत पुन्हा तेच. सगळ्यांचे चेहरे उतरले. चाचीचा स्वतःचा धाकटाही त्याच मांडवात बसणारा. तिनं हातातला चोंग्याचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाली, "आमच्यात दस्तूर हाय. ज्यानं नाडा बांधला त्यानंच सोडायचा, दुसऱ्याचा हात चालत न्हाई. यंदा समदे नाडे तुमी बांधलेत. कवा सोडायचे, तुमीच बघा."

एक क्षण कुणालाच कळलं नाही. मग आत्याबाई, ज्या वर्षातून दोनदा हसत, त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. त्या हसल्या तशा सगळ्या बाया हसत सुटल्या.  होळीपर्यंत, मी मनात म्हटलं, होळीपर्यंत नाडा राहिला तर! मला उठून नाचावंसं वाटत होतं, आणि हातात सुगड होतं म्हणून बसून राहिले. तिथल्या तिथं ठरलं. पुरुषांना ताकास तूर लागू द्यायची नाही. तांड्यावरच्या बायांनाही चाचीनं निरोप धाडला, कारण तिकडच्या पोरांनीही फकिरी घेतली होती.

दहाव्या दिवशी आमचे हे वाघ झाले. मोहरमचा वाघ म्हणजे अंगभर पिवळा रंग, काळे पट्टे, शेपूट, आणि डफांच्या तालावर उड्या. रंगानं कातडी भाजते, म्हणून आधीचे वाघ चोरून घोट घेत आणि मग मिरवणुकीत वाघापेक्षा रेड्यासारखे डुलत. ह्यांनी एक थेंब न घेता आगीसारखा रंग सोसला आणि आशुरखान्यापासून नदीपर्यंत अशी झेप घेत गेले की माणसं भिंतींवर चढून बघत होती. मी ओट्यावरून पाहिलं. हा माणूस माझा आहे, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

नदीवर पंजे थंड झाले. पोरं रांगेनं मुजावर चाचांपुढे हात पुढे करून उभी राहिली. चाचांना तोवर चाचीनं सांगितलं असावं, किंवा त्यांना तिथंच उमगलं असावं. त्यांनी दाढीवरून डावा हात फिरवला आणि शांतपणे म्हणाले की दस्तुराप्रमाणं ज्यानं बांधला त्यानं सोडायचा, आपापल्या घरी जा.

पोरं पळत घरी आली. मग त्या संध्याकाळी गावात जी मजा झाली ती मी आयुष्यात पुन्हा पाहिली नाही. गल्लीतल्या एकाही बाईला वेळ नव्हता. एकीच्या हाताला पीठ होतं, दुसरी म्हशीखाली बसली होती, तिसरीचं डोकं दुखत होतं, चौथी म्हणाली की तिन्हीसांजेला नाडा सोडू नये. चाचीनं आपल्या पोराला बजावलं की जखमी बाप अंथरुणावर असताना नाडा सोडणं बराबर नाही. बाप समोर बाजेवर बसून पान खात होता.

हे आले ते अंगावर वाळलेला रंग घेऊन. "सोड," म्हणाले आणि हात पुढे केला. मी म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी म्हटलं, परवा. मग एक दिवस ते मळ्यात माझ्यापुढे उभे राहिले. मी भाकरी घेऊन गेले होते, आजूबाजूला कुणी नव्हतं. डोळे लाल, शिंदीनं नव्हे, रागानं. म्हणाले, "काहून सोडत न्हाईस? गाव हसून राहिलंय माझ्यावर."

मला खरं तर तोलूनमापून बोलायचं होतं. पण मला ते जमत नाही, कधीच जमलं नाही. मी म्हटलं, "धुळवडीला आबा गाडी घेऊन येनार हायेत. तुमी पेलेले असलात की मला नेनार, कायमचं. मला जायचं न्हाई."

ते भाकरी न खाता मोटेकडे गेले. तेव्हापासून त्यांनी नाडा सोडायला सांगितलं नाही, पण माझ्याशी बोलणंही बंद केलं. बोरंही बंद झाली. नाडा नसता तर हा माणूस त्याच दिवशी शिंदीखान्यात गेला असता, हे मला स्वच्छ दिसत होतं. गाठ होती म्हणून थांबला होता, माझ्यासाठी नव्हे. आनंदात असलेल्या गावात मी एकटी रात्रंदिवस ह्याच विचारानं पोखरली जात होते.

गाव मात्र खरोखर आनंदात होतं. काही पोरं नाड्यासकट शिंदीखान्यात गेली, तर विकणाऱ्यानंच कानाला हात लावले. मोहरमच्या फकिराला पाजून मला मरायचं आहे का, नाडा सोडून या, म्हणाला. तोही शेवटी ह्याच मुलखातला माणूस. मडकी भरलेली आणि मांडव रिकामा. ठेकेदार तणतणत पोलीस पाटलाकडे गेला. पाटील म्हणाले, झाड तोडलं असतं तर धरलं असतं, बाई नाडा सोडत नाही ह्याला कोणतं कलम लावू? खुद्द पाटलाच्या पोराच्या हातातही नाडा होता आणि पाटलीणबाई सोडायचं नाव घेत नव्हती.

सगळं काही गोडच झालं असं मात्र नाही. एका घरच्या आईला पोराच्या काकुळतीनं पाझर फुटला, तिनं सोडला. दुसऱ्या दिवशी पोरगं नदीच्या चिखलात सापडलं. त्या माउलीनं रडत तोच नाडा धुऊन पुन्हा बांधला. पोराला तालमीत वस्तादांनी घेतलं. वस्ताद आता नीरेचं नाव काढत नव्हते. भिजवलेले हरभरे द्यायचे आणि पहाट टळली की दार बंद करायचे. महिनाभरात तालमीत पाय ठेवायला जागा उरली नाही. संध्याकाळी तांड्यावरची पोरंही कुस्ती धरायला येऊ लागली, आणि आम्ही बाया पाणी भरायच्या निमित्तानं तिकडूनच जायला लागलो.

होळी आली. त्या रात्री मला डोळा लागला नाही. नाडा कामानं, पाण्यानं, मोटेच्या दोराच्या घर्षणानं झिजून सुतळीच्या तुकड्यासारखा झाला होता, लाल-हिरवा रंग केव्हाच उडालेला. सकाळी हे धुळवड खेळायला गेले. शिंदीखानेवाल्यानं त्या दिवशी मांडव पुढे रस्त्यावरच आणला होता, हे पाण्याला गेलेल्या बायांनी येऊन सांगितलं. ठेकेदारही स्वतः येऊन बसला होता.

ऊन तापलं तशी वडिलांची गाडी दारात आली. त्यांनी बैल सोडले नाहीत, जू तसंच ठेवलं. आत्याबाईंनी पुरणपोळी वाढते म्हटलं, ते म्हणाले आधी जावई येऊ द्या. मी आतल्या दारात उभी. रस्त्यावरून आरडाओरडा ऐकू येत होता. एवढ्यात शेजारचा एक जण धापा टाकत आला आणि सांगायला लागला की चिखलाच्या खड्ड्यापाशी दोस्तांनी ह्यांना हाताला धरून ओढलं, ओढाओढीत नाडा तुटला. सगळी पोरं थांबून बघायला लागली. सोडला नाही, तोडला नाही, आपोआप तुटला, म्हणजे पाळणूक संपली, असं कुणीतरी म्हणालं, आणि ठेकेदारानं स्वतः उठून भरलेलं मडकं ह्यांच्यापुढे धरलं.

मी पुढचं ऐकलंच नाही. वडील उठून उभे राहिले. मला म्हणाले, कपडे बांध.  आत्याबाई भिंतीला टेकल्या.

तोवर हे दारात होते. केसांपासून पायापर्यंत चिखल, श्वास फुललेला, धावत आले होते. मनगट उघडं. दुसऱ्या हाताच्या मुठीत नाड्याचा तुकडा. वडिलांकडे त्यांनी पाहिलं नाही, आईकडे पाहिलं नाही. सरळ माझ्यापाशी आले आणि उघडं मनगट माझ्यापुढे धरलं. चिखलाचा वास येत होता. फक्त चिखलाचा.

"दुसरा बांध," म्हणाले. "आता तुझा बांध, सवारीचा न्हाई."

घरात नाडा कुठला असणार? मी इकडेतिकडे पाहिलं, काही सुचेना, आणि हे हात पुढे करून उभेच. मग मी वेणीची आगवळ ओढून काढली, केस बांधायचा तो साधा काळा गोफ, आणि त्या मनगटाला गुंडाळली. गोफ गुळगुळीत, गाठ बसेना. ह्यांनीच दुसऱ्या हातानं एक टोक धरून दिलं.

बाहेर जू खाली पडल्याचा आवाज आला. वडील बैल सोडत होते. तिथूनच त्यांनी आत्याबाईंना विचारलं की पुरणपोळीवर तूप आहे ना.

मी पाठमोरीही झाले नाही. केस पाठीवर मोकळे, डोक्यावर पदर नाही, दारात बाप, भिंतीपाशी सासू, आणि मी सगळ्यांसमोर नवऱ्याचा हात दोन्ही हातांनी धरून उभी. मला कशाची म्हणून लाज वाटली नाही.